कोपऱ्यातली खाच

भाग: दोन्ही हात. बाजू: वरून, खालून. कारण: कामावर रुजू होणे.

फॉर्म दोन पानी होता आणि सकाळपासून तिनं तो चार वेळा भरला होता. मनात. कागदावर अजून फक्त नाव आणि वय.

वजन, भूक, झोप, रक्तदाब या रकान्यांबद्दल तिची काही तक्रार नव्हती. घोडं अडायचं ते दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत. बोटांची संवेदना: पूर्ण / अपूर्ण. एकावर खूण करा. तिथं पेन पोचलं की तिला हटकून काहीतरी आठवायचं. गॅस बंद केला का? खिडकी लावली का? मग ती उठायची, गॅस आणि खिडकी बघायची, आणि उठलोच आहोत तर म्हणून कॅमेरा गळ्यात अडकवून कशाचा तरी फोटो काढायची. नळाचा. पायपुसण्याचा. वाळत घातलेल्या एकाच मोज्याचा.

आज मंगळवार. फॉर्म गुरुवारी द्यायचा होता. सोमवारपासून एक्स-रे खोलीत तिची जागा होती, नाहीतर नव्हती. मधलं काही नाही.

भाग: छाती. बाजू: समोरून.

हॉस्पिटलात तिला सगळे रोखाताई म्हणत. एकवीस वर्षं काचेच्या आडून तिनं तेच सांगितलं होतं: श्वास घ्या, रोखा, सोडा. दिवसाला साठ-सत्तर वेळा. सवय अशी अंगात मुरली होती की घरचे फोटो काढतानाही बटणाच्या आधी तोंडातून "रोखा" निघायचंच, आणि समोरचं माणूस निमूटपणे छाती फुगवून उभं राहायचं. पुन्हा तिला सगळे अगदी समोरून किंवा अगदी बाजूनं हवे असत. तिरकं कुणी चालत नसे.

"आपल्या घरचा अल्बम बघितला," नवरा म्हणायचा, "की वाटतं आपण सगळे एकाच गुन्ह्यात सापडलोय."

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. कॅमेरा त्याच्यामुळेच आला. दुरुस्तीला आलेल्या एका मशीनच्या खोक्यात तळाला तो सापडला, आणि मशीनवाल्या काकू म्हणाल्या, ठेव तुलाच, आमच्यात आता रोल कोण घालतंय. ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर वर्षभरानं ती स्वतःच एक्स-रे मशीनसमोर उभी राहिली. गळ्याशी गोटीएवढी गाठ लागली होती म्हणून. काचेआड धाकटी सहकारी होती. रोखा म्हणाली, सोडा म्हणाली, आणि बाहेर यायला तिला तीनऐवजी दहा सेकंद लागले. तेवढ्यात रोखाताईंना सगळं कळलं.

लिम्फोमा. सहा वेळा सलाईनमधून औषध, मध्ये एकदा न्यूमोनिया, एकदा सगळ्यांनी आशा सोडलेली. पण केस परत आले, तेही कुरळे, जे आधी कधीच नव्हते. चव परत आली. जिने चढता येऊ लागले. फक्त बोटांच्या टोकांवर कुणीतरी पातळ रबरी मोजे चढवून ठेवलेत आणि काढायला विसरलंय, असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले होते, येईल, सावकाश येईल. किती सावकाश ते म्हणाले नव्हते, आणि गेले चार महिने तिनं विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणजे गोष्ट नाहीच, असा हिशेब.

बोटांशिवाय काम होत नाही असं थोडंच आहे? बटणं तर दाबायची.

नाही. पुन्हा सांगते. बोटांशिवाय ते काम होत नाही. कमरेच्या हाडाची कड, मानेवरचा सगळ्यात वर आलेला मणका, गुडघ्याच्या वाटीचं खालचं टोक, हे कपड्याआडून आणि चरबीआडून बोटांनीच शोधायचं असतं. बोट चुकलं तर फोटो चुकला. फोटो चुकला तर पुन्हा, म्हणजे पेशंटच्या अंगातून उगीच आणखी एकदा किरण. खोलीत त्याला रिपीट म्हणतात आणि तिथं ती शिवी समजली जाते. महिनाअखेरीला फळ्यावर कुणाचे किती रिपीट ते लागतं. एकवीस वर्षांत तिचं नाव कायम तळाला, आणि त्या तळाचा तिला कोण अभिमान.

भाग: रोल. छत्तीस फोटो.

फोटो धुणाऱ्याचं दुकान बस थांब्यापलीकडे होतं. गावात रोल धुणारा आता तो एकटाच उरला होता. तिला बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा ताई."

"उभी आहे ती बरी आहे. झाले का?"

"झाले. बसा तरी."

बस म्हणणारी माणसं काय सांगणार असतात ते तिला पुरतं माहीत होतं. आयुष्यभर ती बसा म्हणणाऱ्यांच्याच बाजूला होती. ती उभीच राहिली. त्यानं फिल्मची पट्टी उजेडाच्या काचेवर पसरली आणि शेजारी फोटो मांडले.

"एकावर एक," तो म्हणाला.

पहिला: बस थांबा, बाकडं, मागची दुकानं. आणि बाकड्यावर, आरपार, खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेल्या सासूबाई. तोंड उघडं, मांडीवर थर्मास.

दुसरा: नवऱ्याचं दुकान. शिलाई मशीनच्या सुईच्या बरोबर वर सलाईनची बाटली.

तिसरा: चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डचं छत, आणि त्या छतावर भाजीवालीचा तराजू.

हिवाळा आणि आत्ताचा महिना. एकाच रोलवर दोनदा. अंथरुणातून जमतील तसे काढलेले ते छत्तीस फोटो तिनं मुद्दाम राखून ठेवले होते. धुवायला द्यायचा धीर झाला नव्हता. आणि आता बरं वाटायला लागल्यावरचे छत्तीस: नळ, रस्ता, मोजा, उजेड. दोन्ही गेले. किंवा दोन्ही एकमेकांच्या पोटात गेले.

"वापरलेला रोल परत घातलात," तो म्हणाला. "मला वाटलं टोकाला तुमची खाच नसेल. पण होती. हे बघा." त्यानं कापून ठेवलेलं फिल्मचं टोक तिच्या तळव्यावर ठेवलं. कोपऱ्यात बारीक त्रिकोणी खाच, कात्रीनं घेतलेली. तिचीच.

खाचेची पद्धत अशी. रोल गुंडाळताना टोक बाहेर ठेवा, आत गेलं की काढताना माझा जीव जातो, असं त्यानंच तिला सांगितलं होतं. पण टोक बाहेर राहिलं की वापरलेला रोल आणि कोरा रोल दिसायला सारखेच. म्हणून वापरलेल्याला ती कोपऱ्यात खाच पाडायची. खाच का? नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक्स-रेच्या फिल्म अंधाऱ्या खोलीत भरायला लागत. काही फिल्मच्या कोपऱ्यात कंपनीनंच अशी खाच दिलेली असायची. बोटाला लागली की कुठली बाजू वर ते कळायचं. डोळ्यांचं काम नव्हतं. आजही रोल भरताना ती बघत नसे, अंगठ्यानं कोपरा चाचपायची. बघून भरणारे नवखे.

"सासूबाई," ती म्हणाली. "त्यांना आवरायची फार हौस. कोरे डावीकडे, वापरलेले उजवीकडे, असे दोन डबे आहेत माझे. पुसताना केली असेल अदलाबदल."

"बरं," तो म्हणाला. खाचेकडे बघत म्हणाला, तिच्याकडे नाही.

भाग: स्वयंपाकघर. स्थिती: सगळे उभे.

घरी येईपर्यंत तिची खात्री पटली होती. एखादी गोष्ट आपण मोठ्यानं बोललो की ती अर्धी खरी होतेच, उरलेली अर्धी रस्त्यात झाली.

"आई, कपाटातले माझे डबे तुम्ही हलवलेत का?"

सासूबाई कांदा चिरत होत्या. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी: त्यांनी आजवर कुठलीही चूक कबूल केलेली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या हातून पडून फुटलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ते आधीच बंद पडायच्या बेतात होतं. सुनेच्या लग्नातल्या शालूला इस्त्रीचा डाग पडला, तेव्हा शालूचीच जात हलकी निघाली. नवऱ्याच्या मते आईला कोर्टात उभं केलं तर न्यायाधीशच माफी मागून घरी जाईल.

"कुठले डबे?"

"रोलचे. डावा-उजवा. कुणीतरी अदलाबदल केलीय आणि माझे हॉस्पिटलातले सगळे फोटो..." तिचा आवाज चिरकला. "सगळे गेले."

सुरी थांबली. सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली, मग परत कांद्याकडे.

"हो," त्या म्हणाल्या. "केली असेल मीच. पुसताना."

टेबलाशी उभ्यानं चहा पिणाऱ्या नवऱ्याचा कप ओठांपासून दोन बोटांवर राहिला.

"आई, तू आत्ता हो म्हणालीस?"

"म्हणाले. कान साफ कर."

"ताप आहे का तुला?"

"ताप तुझ्या दुकानाला. जा, काकूंचं मशीन दोन दिवस पडलंय तिथं."

तो हसत हसत गेला. ती मात्र जागच्या जागी राहिली. भांडायला म्हणून सगळं बळ गोळा करून आली होती आणि समोर भिंतच नव्हती, त्यामुळे तोल जावा तशी. ती बाहेरच्या खोलीत गेली. परत आली. पाणी प्यायली. फॉर्म काढला, ठेवला. कॅमेरा उचलला, त्यात रोल नव्हता, तरी दोन फोटो काढले.

ही बाई हो कशी म्हणाली?

रिपीट.

रोल भरला तो दिवस पुन्हा.

सकाळची वेळ. ती खिडकीशी, बाहेर दुधाची गाडी उलटी घेताना चालकाची चाललेली तारांबळ बघत हसतेय. डबा उघडला, रोल काढला, अंगठा कोपऱ्यावरून फिरवला. काही लागलं नाही. कोरा. भरला.

असं तिला आठवत होतं.

आता नीट. खिडकी तीच, गाडी तीच. तिनं डबा उघडला. कुठला? उजवा हात रिकामा होता, म्हणजे उजवा. उजवा डबा वापरलेल्यांचा. डबे आपापल्या जागी होते. लक्ष बाहेर होतं, हात चुकून उजवीकडे गेला, पण हात चुकला तरी काय बिघडतं? अंगठा आहे ना. अंगठा कोपऱ्यावरून फिरला. खाच होती. अंगठ्याला काही लागलं नाही. कोरा. भरला.

दोन्ही वेळा शेवट तोच. काही लागलं नाही.

तिनं खिशातून ते टोक काढलं, डोळे मिटले आणि अंगठ्यानं कोपरा शोधला. चारही कोपरे सारखे गुळगुळीत. मग ते ओठांना लावलं. तिथं खाच लगेच टोचली, एवढीशी, स्पष्ट.

भाग: सासूबाई. बाजू: समोरून, तीन वेळा.

बुधवारी सकाळी तिनं छत्तीसच्या छत्तीस फोटो जमिनीवर मांडले. बसून बघवेना म्हणून त्यांच्या भोवती फिरत राहिली. एकावर एक पडलेल्या त्या गर्दीत आत्ताच्या महिन्यातल्या सासूबाई तीनदा होत्या. शेगडीजवळ, दारात, कपड्यांच्या दोरीखाली. तिन्हीकडे श्वास रोखून, छाती काढून, पोलिसांत नाव द्यायला आल्यासारख्या. आणि तिन्हीकडे त्या लेन्सकडे बघत नव्हत्या. थोडं खाली बघत होत्या.

लेन्सच्या खाली काय असतं? कॅमेरा धरलेली बोटं.

शेगडीजवळच्या फोटोत तर त्यांचं तोंड किंचित उघडं होतं, काही सांगायच्या बेतात. त्या दिवशीचं तिला आठवलं. फोटो काढून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बोटाला फोड आलाय गं तुझ्या." किटलीचा चटका. केव्हा बसला ते तिला कळलंही नव्हतं.

ती तशीच आत गेली.

"तुम्ही खोटं बोललात काल."

"कशाबद्दल?" सासूबाई उशीला अभ्रा घालत होत्या.

"डबे तुम्ही हलवले नव्हते."

"मग तू कशाला म्हणालीस की हलवले?"

तिनं अभ्र्याचं मोकळं टोक धरलं.

"तुम्हाला कधीपासून माहिती आहे?"

"तू बटणाचे झगे सोडून डोक्यातून घालायचे घ्यायला लागलीस तेव्हापासून. चार पेले फोडलेस. काल गॅसवरचं तापलेलं भांडं हातानं..." त्या थांबल्या. "मला वाटलं, जाऊ दे. नोकरीवर गेली की माणसात येईल. घरात नुसती वाघासारखी येरझाऱ्या घालतेय, नळाचे फोटो काढतेय. एका खोट्यानं जात असेल कामाला तर जाऊ दे. माझ्या नावावर तसंही एकही चूक जमा नाही."

"आणि पेशंट?"

"त्यांचं काय?"

"माझं बोट चुकलं तर त्यांना दोनदा..." ती खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. "पण कदाचित चुकणार नाही. खाच बारीक असते. हाड मोठं असतं. एकवीस वर्षांचा हात आहे आई, तो काय असा..."

सासूबाईंनी उशी खाली ठेवली, पलंगावर आडव्या झाल्या आणि पाय सरळ केले.

"शोध."

"काय?"

"माझी हाडं. पेशंट समज. डोळे मीट आणि शोध. तो तुझ्या नवऱ्याचा खडू आहे बघ टेबलावर, त्यानं खुणा कर."

"आई, उठा, वेडेपणा..."

"चौसष्ट किलोची बाई फुकट मिळालीय, शोध म्हणते तर."

तिनं शिंप्याचा चपटा खडू घेतला. डोळे मिटले. आधी गुडघ्याची वाटी: हात आपोआप पोचला, खूण केली. मग कमरेच्या हाडाची कड. बोटं कपड्यावरून सरकली, थांबली, कडक काहीतरी लागलं, हेच, इथंच. ठाम खूण केली.

"ती माझ्या कमरेची गाठ आहे बाई," सासूबाई म्हणाल्या. "कापडाची. हाड नाही."

तिनं डोळे उघडले. गाठ. हाडाची कड तिथून चांगली तीन बोटं वर.

सासूबाईंना हसू आलं. त्यांनी दाबलं, ते नाकातून बाहेर पडलं, मग पोट हलायला लागलं. तीही हसली, आणि हसता हसता तिचा खडू मोडला.

पण ती थांबली नाही. थांबायचं कसं हेच तिला येत नव्हतं. "पालथ्या व्हा. मान पुढे." बोटांनी मणका सापडेना, तर तिनं मनगटाची आतली बाजू लावून बघितली. सापडला. पुन्हा कमर, मनगटानं: सापडली. कोपराचं टोक: नाही. घोट्याचं हाड, ते तर लहान मुलालाही सापडेल: सापडलं, पण बाजू चुकली. ती मोजत होती. सासूबाईंच्या अंगभर पांढऱ्या फुल्या झाल्या, काही बरोबर, काही हवेत भिरकावल्यासारख्या. पाचात तीन. म्हणजे शंभरात चाळीस रिपीट. फळ्यावर सगळ्यात वर.

"किती आले?" सासूबाईंनी उशीत तोंड खुपसून विचारलं.

"नापास."

"मनगटानं जमतंय की पण."

"पेशंटला मनगट लावत बसले तर रांग रस्त्यावर जाईल."

"जाऊ दे जाते तर. उठू का?"

"थांबा."

तिनं डाव्या डब्यातून रोल काढला. अंगठा सवयीनं कोपऱ्याकडे निघाला. तिनं तो दूर धरला, टोक खिडकीच्या उजेडात नेलं आणि डोळ्यांनी बघितलं. नवख्या मुलींसारखं, जवळ धरून, दोनदा. कोपरा अखंड होता. भरायला चार मिनिटं लागली. टोक दोनदा निसटलं. सासूबाई तेवढा वेळ फुल्यांसकट पडून राहिल्या.

"रोखू का श्वास?"

"नको."

"हलेल की मग."

"हलू दे."

नंतर ती टेबलाशी गेली आणि बसायच्या आत, उभ्याउभ्याच, खालून तिसऱ्या ओळीत 'अपूर्ण'वर खूण केली. खूण जरा जोरातच झाली. पानाच्या मागच्या बाजूलाही उमटली.

भाग: बस थांबा. कारण: लिहिलेलं नाही.

गुरुवारी सासूबाई तिच्याबरोबर निघाल्या. कशाला, असं तिनं विचारलं, तर म्हणाल्या, मला बाजारात काम आहे. बाजार उलट्या दिशेला होता.

पिशवीत फॉर्म. हॉस्पिटलात विभागाच्या मोठ्या बाई काय म्हणतील, ते तिनं पन्नास तऱ्हांनी ऐकून झालं होतं. सहा महिने थांबा म्हणतील. नोंदणीच्या खिडकीवर बसा म्हणतील. तुमच्या जागी धाकटीला कायम करतोय म्हणतील, आणि मग पाणी विचारतील. ती बाकड्याशी उभी राहिली, थांब्याच्या खांबापर्यंत गेली, वेळापत्रक वाचलं, परत आली, पिशवीत फॉर्म आहे ना ते बघितलं, परत खांब. पाचव्या फेरीला तिनं मान वळवली.

सासूबाईंना बाकड्यावर डुलकी लागली होती. तोंड उघडं. मांडीवर बाजाराची पिशवी, थर्मासच्या जागी. मागची दुकानं तीच.

हा फोटो तिनं बघितलेला होता. परवाच, उजेडाच्या काचेवर, आरपार. आता आरपार काही नव्हतं.

बस वळणावर दिसली. तिनं कॅमेरा वर घेतला. बोटाला बटण लागेना, तिनं नजर खाली करून बटण बघितलं, बोट त्यावर ठेवलं, परत वर बघितलं. सासूबाई श्वास घेत होत्या, सोडत होत्या, छाती वर, छाती खाली. बस थांबली. दार उघडलं. चालकानं दोघींकडे बघितलं, एक झोपलेली, दुसरी डोळ्याला कॅमेरा लावलेली, आणि दार बंद केलं.

बटण दाबल्याचं तिला बोटात कळलं नाही. कानाला कळलं.

पुढची बस बारा मिनिटांनी होती. ती परत खांबाकडे निघाली.